सफारीची जुनी जिप्सी : मोल ठरवण्याचे काम शिकताना

तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी चिमूर तालुक्यातील गावी परतलो, तेव्हा जुन्या गाडीची किंमत ठरवणे हे स्वतंत्र काम असते याची मला कल्पना नव्हती. एका पतसंस्थेने जुन्या वाहनांच्या कर्जअर्जासोबत पाहणी अहवाल मागायला सुरुवात केली आणि ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या कोलारा, नवेगाव, मोहर्ली या गेटांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या मारुती जिप्स्या माझ्याकडे येऊ लागल्या. या कामात नव्याने उतरणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

नवशिक्या माणूस आधी घसाऱ्याचा, म्हणजे वयानुसार घटणाऱ्या किमतीचा, तक्ता उघडतो. मीही तेच केले होते. मोटार विम्याच्या तक्त्यात गाडीला एक वर्ष पूर्ण होईपर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के असे करत पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के घसारा धरलेला असतो, आणि त्यापुढील किंमत विमा कंपनी व मालक यांनी आपसांत ठरवायची असते. जिप्सी १९८५ साली आली, १२९८ सीसीचे इंजिन तिला १९९६ मध्ये मिळाले आणि सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१९ मध्ये थांबली; म्हणजे आज विक्रीला येणारी जवळपास प्रत्येक जिप्सी त्या तक्त्याच्या बाहेरची असते. मालकाच्या हिशेबवहीतील किंमतही कामाची नाही, कारण तिथे शून्याच्या जवळ पोहोचलेल्या गाडीला बाजारात काही लाख रुपये मिळतात.

पहिल्याच वर्षी मी चांगलाच चुकलो. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली एक जिप्सी ताज्या हिरव्या रंगात, नव्या सीटांसह समोर उभी होती, इंजिन एका चावीत सुरू झाले आणि मी भरघोस मूल्यांकन लिहून दिले. तीन महिन्यांनी आर.टी.ओ.च्या पासिंगच्या तयारीसाठी ती गॅरेजमध्ये गेली, तेव्हा मागच्या चाकांवरील चेसीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) फासलेल्या डांबरी लेपावर मिस्त्रींनी हातोडीने हलकेच ठोकले आणि लेपासकट पत्र्याचा पापुद्रा खाली पडला. मिस्त्री मला म्हणाले, "बापू, जिप्सी पाह्याची असन तं आंधी खाली लोटाचं, मंग वरून पाह्याचं." तेव्हापासून मी चटई सोबत ठेवतो.

जिप्सीची बॉडी वेगळ्या चेसीवर बसवलेली असते. बॉडीचा पत्रा बदलता येतो, पण चेसी कुजली तर गाडीचे मोल भंगाराकडे झुकते. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) ज्या ठिकाणी चेसीला अडकतात तो भाग, बॉडी बसवलेल्या बोल्टांभोवतीचा पत्रा आणि चालकाच्या पायाखालची फरशी या जागा हातोडीने ठोकून पाहाव्यात. शाबूत लोखंड खणखणीत वाजते आणि कुजलेले बद्द. रंगाखाली पुट्टी भरली असेल तर चुंबक तिथे धरत नाही. सफारीसाठी छप्पर कापून उंच सीटा व दांडे बसवताना काही ठिकाणी थेट चेसीवर वेल्डिंग केलेले आढळते. अशा जोडाजवळ केसासारखी चीर दिसली, तर मी बाकीची तपासणी पूर्ण करण्यापूर्वीच मालकाला ती दाखवतो.

किलोमीटरच्या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही. जंगलात गाडी ताशी वीसच्या आसपास, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते आणि वाघ दिसला की इंजिन चालू ठेवून थांबते, त्यामुळे थोड्या किलोमीटरांतच क्लच आणि गिअरबॉक्स बरेच झिजतात. फोर-बाय-फोरचा लो गिअर टाकून चढावर गाडी चढवून पाहावी, कारण गिअर आपोआप सुटत असेल तर ते सपाट रस्त्यावर कळत नाही.

कागदपत्रांत चेसी क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा आर.सी.शी (नोंदणी प्रमाणपत्राशी) जुळवणे, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते पाहणे आणि परराज्यातील गाडी असल्यास ना हरकत प्रमाणपत्र मागणे एवढे तरी करावेच. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते, तर प्रवासी वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. व्याघ्र प्रकल्पाचे त्या हंगामातील वाहनविषयक नियम वनकार्यालयात विचारून घ्यावेत. गेटावर नोंद न होणारी गाडी कितीही धडधाकट असली तरी तिला सफारीचा भाव देता येत नाही.

हिशेब मी उलट बाजूने मांडतो. त्याच तालुक्यात अलीकडे प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या चांगल्या गाडीचा भाव घ्यायचा आणि समोरची गाडी त्या अवस्थेला आणण्याचा खर्च वजा करायचा. समजा चांगली गाडी ४ लाखांना गेली. हिला टायरचे ३० हजार, क्लचचे १० हजार, फरशी व वेल्डिंगचे ३५ हजार लागणार असतील, तर उरतात ३ लाख २५ हजार. यातून आणखी १५-२० हजार मी कमी करतो, कारण गाडी उघडल्यावर अंदाजपत्रकात नसलेले काहीतरी निघतेच. विचारलेला भाव मात्र कधीही आधार म्हणून घेऊ नये. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, ताडोब्याचे गाभा क्षेत्र पर्यटनाला बंद असते. तेव्हा हप्ते थकलेला मालक कमी भावाला तयार होतो आणि ऑक्टोबर लागला की तोच ताठ होतो.

पाहणी मी शक्यतो मंगळवारी ठेवतो, कारण त्या दिवशी ताडोबा बंद असल्याने गाडी घरीच असते. आदल्या दिवशी फोन करून गाडी धुऊन ठेवू नका असे आवर्जून सांगतो. चाकांच्या आतल्या बाजूला बसलेल्या फुफाट्यावर तेलाची ओल कुठून पसरली आहे, ते धुतलेल्या गाडीवर दिसत नाही.