तालुक्याच्या वकिलाने बार कौन्सिल दुसऱ्यांदा कशी लढवावी

निफाड, येवला, कळवण, सटाणा अशा तालुका कोर्टातून महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलवर (वकिलांनीच निवडलेली, वकिलांची नोंदणी आणि शिस्त बघणारी संस्था) एकदा निवडून येणं अवघड, आणि पाच वर्षांनी पुन्हा येणं त्याहून अवघड. पहिल्या वेळी वकील आशेवर मत देतात, दुसऱ्या वेळी हिशेब मागतात. तरीही तालुक्याचे चांगले उमेदवार पडतात ते बहुतेकदा पसंतीक्रमाचं गणित कच्चं राहिल्यामुळे. इथे मतदार उमेदवारांना १, २, ३ अशा क्रमाने पसंती देतो. म्हणून आधी गणित.

जागा २५. वैध मतांना २६ ने भागून एक मिळवला की कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, निघतो. समजा ५२,००० मतं वैध ठरली, तर कोटा २,००१. तुमच्या बारमध्ये, म्हणजे कोर्टाच्या वकील संघात, दोनशे वकील असले आणि एकूण एकाने तुम्हाला पहिली पसंती दिली, तरी कोट्याचा दहावा हिस्सा भरला. बाकीची मतं बाहेरून यायची. कोटा ओलांडलेल्या उमेदवाराची जादा मतं कमी मूल्याने पुढच्या पसंतीकडे जातात. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याच्या मतपत्रिकाही आहे त्या मूल्याने पुढच्या पसंतीकडे सरकतात. मात्र हे सगळं पदरात पडायला तोवर तुम्ही रिंगणात टिकलेले असायला हवेत. म्हणजे घरच्या बारमधून पहिली पसंती घट्ट बांधायची, आणि बाहेर दुसरी-तिसरी मागायची.

मालेगावात स्थानिक उमेदवार उभा असेल तर तिथे पहिली पसंती मागायला जाऊच नका. दुसरी मागा, आणि त्याला तुमच्या बारमधली दुसरी मिळवून द्या. ‘फक्त एक लिहा आणि थांबा’ असं आपल्या माणसांना सांगणारे कार्यकर्ते आवरा. खालच्या पसंतीने वरच्या उमेदवाराचं काहीही कमी होत नाही. तुम्ही निवडून आल्यावर किंवा बाद झाल्यावरच ती वाचली जाते. उलट, ही टूम कळली की शेजारचे बारही तुम्हाला दुसरी पसंती देणं बंद करतात.

प्राथमिक मतदार यादी लागली की बारच्या सचिवांसोबत बसून ती सनद (वकिलीचा परवाना) क्रमांकाने वाचा, नावाने नको. एकाच आडनावाचे आणि आद्याक्षरांचे चार वकील निघतात, लग्नानंतर नाव बदललेल्या वकील भगिनींची नोंद जुन्याच नावावर सापडते, नोकरी लागल्याने सनद स्थगित केलेल्यांची नावं तशीच राहिलेली असतात. जुन्या पत्त्यामुळे नाशिकला प्रॅक्टिस करणाऱ्या ज्युनिअरचं मतदान येवल्याला दिसतं. प्रत्येक दुरुस्तीचा अर्ज मुदतीत, लेखी, सनदेची प्रत जोडून. तोंडी सांगून यादी बदलत नाही.

हिशेबाचं पत्रक एका पानाचं पुरे. सगळ्यात वर हजेरी: बैठका किती झाल्या, तुम्ही किती बैठकांना होता. सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन बैठका चुकल्या तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम १०ब प्रमाणे जागाच रिकामी होते, त्यामुळे हा आकडा मतदाराला कळतो. शिस्तपालन समितीवर असाल तर किती तक्रारी वर्षाच्या आत निकाली काढल्या ते लिहा. वर्ष उलटलं की कलम ३६ब नुसार प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जातं. वकिलांची किंवा पक्षकारांची नावं मात्र कुठेही येऊ देऊ नका. सनदेच्या शुल्काचा प्रश्न हमखास येणार. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला कायद्यातलीच मर्यादा लागू केली: सर्वसाधारण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. ज्युनिअरचा भार हलका झाला हे फार चांगलं झालं. पण त्यामुळे घटलेलं उत्पन्न भरून कसं काढणार, याचं उत्तर तयार ठेवा.

आणखी एक गोष्ट पुन्हा उभं राहणाऱ्यालाच अडचणीत आणते. व्यावसायिक आचाराच्या नियम ३६ प्रमाणे ऑफिसची पाटी, लेटरहेड यांवर ‘बार कौन्सिल सदस्य’ असं लिहिता येत नाही. माजी असाल तरी नाही. अर्ज भरण्याआधी पाटी बघा, लेटरहेड बघा, उत्साही ज्युनिअरने लावलेला फ्लेक्स उतरवा.

दौरा रस्त्यांप्रमाणे आखा: पिंपळगाव बसवंत, चांदवड, मालेगाव आग्रा महामार्गावर दोन दिवसांत, निफाड आणि येवला एका दिवशी, दिंडोरी, कळवण एका दिवशी, सिन्नर आणि इगतपुरी वेगवेगळे. सकाळी कोर्ट बसण्याआधी एक बार, मधल्या सुट्टीत दुसरा, बस. तिसरा घुसडला की तिथे रिकाम्या बाररूमला नमस्कार करून यावं लागतं. बारच्या अध्यक्षांना दोन दिवस आधी फोन करा, दहा मिनिटांत बोलणं आटपा आणि उरलेला वेळ ऐका.

शेवटच्या आठवड्यात मतपत्रिका भरून दाखवा. काल्पनिक नावांचा नमुना घ्या आणि नावासमोर १, २, ३ आकड्यात लिहून दाखवा. एकाच नावासमोर खूण करायची सवय असलेला हात इथेही टिक करून मोकळा होतो, आणि मत बाद. दोन नावांसमोर १ लिहिला तरी बाद, सही केली तरी बाद.

मोजणी अनेक दिवस चालते, तेव्हा मुंबईत पाळीपाळीने बसणारे प्रतिनिधी आधीच ठरवा. प्रत्येक फेरीला त्यांनी तीन आकडे टिपायचे: तुमची मतं, तळाच्या उमेदवाराची मतं आणि पुढची पसंतीच नसल्याने संपलेल्या मतपत्रिका. शंका आली तर हरकत तिथल्या तिथे आणि लेखी घ्यायची. गठ्ठा पुढे गेला की ती एक मतपत्रिका पुन्हा शोधणं जवळजवळ अशक्य.