ट्रॅक्टरचे इंजिन ऑईल : गोव्यातल्या शेतकऱ्यांनो, या चुका टाळा

"तासांचा मीटर अजून २५० वर कुठे आलाय?" असे म्हणत सत्तरी तालुक्यातल्या आमच्या ट्रॅक्टरचे ऑईल मी तीन पावसाळे बदलले नाही. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दर २५० तासांनी ऑईल बदला असे लिहिलेले आणि आमचा मीटर वर्षाला जेमतेम सत्तर तास पुढे सरकायचा. चौथ्या वर्षी ऐन चिखलणीत ऑईलचा दिवा लागला आणि इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले. मेकॅनिकने चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑईलची टाकी, उतरवून एक बेअरिंग माझ्या हातावर ठेवले. आरशासारखा असायला हवा तो पृष्ठभाग खरवडून निघाला होता. तरवा (भाताची रोपे) काढलेला, लावणीच्या बायका ठरलेल्या आणि ट्रॅक्टर गॅरेजात. त्या आठवड्याची हळहळ अजून गेलेली नाही.

म्हणून सर्वात आधी हीच चूक सांगतो. घाटावरच्या मोठ्या शेतात ट्रॅक्टर २५० तास काही महिन्यांत भरतो. आपल्याकडे जून-जुलैची चिखलणी, मग थेट वायंगण (उन्हाळी भात), मध्ये कधीतरी ट्रॉलीची फेरी. तास भरत नाहीत, पण ऑईल तरीही खराब होत असते. एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातला थोडा भाग पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरतो. इंजिन चांगले तापले तर ती वाफ उडून जाते. दहा मिनिटांच्या फेऱ्या मारल्या तर पाणी आतच राहते, काजळी आणि आम्लांशी मिसळते आणि बेअरिंग खाऊ लागते. म्हणून तास कितीही कमी झालेले असोत, वर्षातून एकदा ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला. फिल्टर जुना ठेवून नवे ऑईल ओतणे म्हणजे मळक्या कळशीत ताजे पाणी भरणे.

बदलायचे कधी, यावरही माझे मत आता ठाम आहे. बहुतेक जण पावसाआधी, मे महिन्यात बदलतात. मी लावणी आटोपल्यावर, गणेश चवथीच्या आधी बदलतो. त्यानंतर ट्रॅक्टर दोन-तीन महिने दमट हवेत उभा राहणार असतो. त्या काळात आत आम्लाने भरलेले काळे ऑईल असण्यापेक्षा स्वच्छ ऑईल असलेले बरे. उभ्या ट्रॅक्टरला "बॅटरी उतरू नये" म्हणून रोज पाच मिनिटे सुरू करायची सवयही सोडा. चालवायचा तर अर्धा तास कामाला जुंपून चालवा, नाहीतर बॅटरीची वायर काढून ठेवा.

डब्यावरचे आकडे चुकीचे वाचणे

डब्यावर लिहिलेल्या १५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातला. पहिल्या आकड्याची चाचणी शून्याच्या खूप खालच्या तापमानाला घेतात. आपल्याकडे पारा कधी तिथवर जात नाही, म्हणून १५ की २० यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पुस्तिकेत जो ग्रेड दिला असेल तो घ्या. दुसऱ्या आकड्याबाबत मात्र मनाने काही करू नका. "जुने इंजिन आहे, ५० घाल, जाड बरे" हा सल्ला फार ऐकू येतो. जाड ऑईल सकाळी सुरू करताना इंजिनाच्या माथ्यावरच्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागापर्यंत) पोचायला वेळ घेते आणि बरीच झीज त्याच क्षणांत होते. निळा धूर थोडा कमी दिसेल, पण पिस्टनची झिजलेली रिंग काही भरून येणार नाही.

त्याहून महत्त्वाची ती एपीआयची, म्हणजे ऑईलचा दर्जा सांगणारी, अक्षरे. 'सी'ने सुरू होणारी डिझेलची : सीएफ-४, सीएच-४, सीआय-४. 'एस'ने सुरू होणारी पेट्रोलची. घरात मोटरसायकलच्या ऑईलचा डबा उरलाय म्हणून तो ट्रॅक्टरला ओतू नका, पॉवर टिलरलाही नाही. डिझेलची काजळी धरून ठेवायचे रसायन त्यात पुरेसे नसते. सीएफ-४ मागणाऱ्या जुन्या इंजिनाला सीआय-४ चालते. उलटे करू नये. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराबाबतचे सरकारी निकष लागू झाले. त्यांतल्या ज्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यांना कमी राख करणारे ऑईलच लागते, नाहीतर तो महागडा फिल्टर चोंदतो.

गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचे ऑईल वेगळे. तेलात बुडालेले ब्रेक असतील तर तिथे इंजिन ऑईल कधीच नको.

कांडी काय सांगते

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी ऑईलची पातळी दाखवणारी कांडी पाहा. बांधावर तिरका उभा असताना दिसलेली खूण खोटी असते. ऑईल काळे दिसले म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनात ते लवकर काळे होतेच आणि त्याचा अर्थ ते काजळी धरून ठेवते आहे असा होतो. पण चहात दूध घातल्यासारखा रंग आला तर पाणी शिरले आहे, मग एक फेरीही मारू नका. पातळी वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर पंप किंवा इंजेक्टर तपासून घ्या. खूण पार करून जास्तीचे भरणेही वाईट. इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे क्रँक, ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही.

ऑईलच्या भांड्याचा एअर फिल्टर असेल तर उन्हाळ्यात तांबड्या धुळीने ते भांडे लवकर गाळाने भरते. ट्रॉलीच्या दिवसांत ते रोज उघडून पाहावे.

ऑईलचे पिंप पावसात उभे ठेवू नका. झाकणावर साचलेले पाणी रात्री पिंप गार झाले की बुचातून आत ओढले जाते, बूच घट्ट असले तरी. आडवे करून छपराखाली ठेवा, दोन्ही बुचे आडव्या एका रेषेत येतील अशी. आणि काढलेले जुने ऑईल व्हाळात (ओढ्यात) किंवा मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) ओतू नका. डब्यात भरून गॅरेजात द्या, तिथून ते पुनर्वापरासाठी जाते.