परसातली जादा खोली : मृगापासून दसऱ्यापर्यंतची तयारी

गोव्यात परसात खोली बांधायची तर दसऱ्यानंतर पाया खणायचा आणि शिगमो येईपर्यंत कौलं चढवायची, हे वेळापत्रक पावसानंच ठरवून दिलेलं आहे. त्याआधीचे चार महिने मात्र बहुतेकांचे फुकट जातात. ‘पाऊस जाऊ दे, मग बघू’ म्हणून सगळे बसतात आणि ऑक्टोबरात मेस्त, म्हणजे गवंडी, दारात उभा राहिल्यावर लक्षात येतं, की एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद) अजून आजोबांचंच नाव आहे. ही यादी त्या चार महिन्यांसाठी.

कागद जूनमध्येच हातात घ्या. एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे नकाशा समोर ठेवून आधी बघा, की नकाशावर तुमचं घर दाखवलं आहे का आणि कोणत्या आकाराचं. मागाहून काढलेली पडवी, न्हाणीघर, गाडीची शेड त्यात बहुधा नसते. नव्या खोलीची परवानगी मागायला गेलात की हे सगळं उघडं पडतं, म्हणून त्याचं उत्तर तयार ठेवा. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, बांधकाम कायदेशीर असल्याचाही नव्हे. गावागावांत हा गैरसमज फार पक्का बसलेला आहे.

मग सह्या. एकत्र मालकीच्या जागेत सहमालकांची ना-हरकत लागते आणि इथे ती जरा लांबते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा गोव्यात आजही चालतो. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेत निम्मे-निम्मे भागीदार असतात. त्यामुळे दादाची सही घेतली की वहिनीचीही हवी, आतेबहिणीची घेतली की तिच्या यजमानांचीही. कुणी मस्कतला, कुणी लंडनला, कुणी बोलत नाही. चतुर्थीला भावकी मूळ घरी जमते, ती संधी सोडू नका. विषय जेवणानंतर काढावा, आधी काढलात तर जेवणही जातं. वाटणीच झालेली नसेल आणि इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घेण्याची, केस घालावी लागणार असेल, तर यंदाच्या दसऱ्याचं नाव काढू नका.

मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर पूर्वापार राहणाऱ्याचं, घर असेल तर मामलेदाराकडून खरेदी पुरी झाली आहे का ते पाहा. १९७५ च्या कायद्यानं मिळणारा खरेदीचा हक्क घर आणि भोवतीच्या ठरावीक जागेपुरता असतो, पंचायत हद्दीत साधारण ३०० चौरस मीटर, पालिका हद्दीत २००. खोली त्या मापात बसवायची. माड लावलाय तिथपर्यंत सगळं आपलंच, असं धरून चालू नये.

जमीन सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीसाठी ठरवलेल्या भागात, आहे का हे नगर नियोजन खात्यात विचारा, बिगरशेतीची सनद आहे का तेही तपासा. शेजारच्या हद्दीपासून किती जागा सोडायची आणि एकूण किती बांधता येतं, ते २०१० च्या बांधकाम नियमावलीत आहे. तुमचा आर्किटेक्ट ते काढून देईल. समुद्र दिसत नाही म्हणजे सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) लागत नाही, असं समजू नका. मांडवी, झुआरी, शापोरा या नद्यांना भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर काठाला हे नियम लागतात आणि भरती बरीच आतपर्यंत येते. पणजीच्या फोंतेन्हाससारख्या संवर्धन क्षेत्रात घर असेल तर परवानगीचा मार्ग आणखी निराळा. आणि ‘दुरुस्तीचा परवाना काढा, खोली उरकून टाकू’ हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. शेजाऱ्याची एक लेखी तक्रार गेली की काम बंद ठेवण्याची नोटीस येते आणि अर्ध्या भिंती पुढचा पावसाळा भिजत काढतात.

कागद फिरत असताना तुम्ही पाऊस बघा. माझ्या मते तयारीचा हाच खरा भाग आहे. जुलैत मुसळधार लागला की छत्री घेऊन परसात उभं राहायचं आणि पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून शेजाऱ्याकडे जातं, ते कागदावर उतरवायचं. खोलीच्या चार कोपऱ्यांवर खुंट्या मारून ठेवल्यात तर आणखी बरं. पाऊस थांबल्यावर तासाभरानं पुन्हा जायचं. जिथे अजून तळं आहे तिथे जोतं उंच घ्यावं लागणार, किंवा खोलीच हलवावी लागणार. थोडा हिशेबही करून ठेवा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, सांगे-वाळपईकडे त्याहून जास्त. वीस चौरस मीटरच्या छपरावर म्हणजे हंगामात ६०,००० लिटर पाणी. एका दिवसात १०० मिलिमीटर कोसळला तर २००० लिटर, आणि ते सगळं पागोळ्यांतून तुमच्या पायाशीच पडणार. पन्हळ कुठे लावायची, पाणी विहिरीत सोडायचं की बागेत, हे नकाशा काढण्याआधी ठरवा. पागोळ्या आपल्याच हद्दीत पडल्या पाहिजेत, नाहीतर भांडण ठरलेलं.

आता सगळ्यात मोठा निर्णय : खोली घराला चिकटवायची की सुटी ठेवायची? शक्य असेल तिथे सुटी ठेवा. जुनं घर चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जाड भिंतींचं, बहुधा मातीत बांधलेलं आणि कित्येक पावसाळ्यांत जागच्या जागी बसलेलं असतं. त्याला कॉलम-बीमची नवी खोली जोडली, की नवा पाया आपल्या गतीनं खचतो आणि सांध्यावर चीर पडते. ती बुजवली तरी पुढच्या वर्षी परत दिसते. छपराचं दुखणं त्याहून वाईट. जुन्या आणि नव्या छपराचे उतार जिथे मिळतात तिथल्या पन्हळीत आंब्याची-फणसाची पानं तुंबतात आणि पाणी सरळ मधल्या घरात उतरतं. मागच्या भिंतीला खोली टेकली की स्वयंपाकघराची खिडकी जाते ती वेगळीच. आपल्या जुन्या घरांनी उजेडासाठी घराच्या पोटात राजांगण ठेवलं. त्यावर आज आपण पत्रे घालतो आणि दिवसा ट्यूबलाइट लावतो, हे काही मला कळलेलं नाही. चार-पाच फूट जागा मोकळी सोडा, मध्ये स्वतःच्या खांबांवर उभी छोटी कौलारू पडवी घ्या. पावसात ताट घेऊन जाता आलं म्हणजे पुरे.

छप्पर उतरतंच असू द्या. मंगळुरी कौलांना ३० अंशांच्या आसपास उतार लागतो, त्याहून सपाट केलात तर वाऱ्याबरोबर पाणी कौलांखाली शिरतं. सपाट स्लॅब घालून पाच वर्षांनी त्यावर पत्र्याचं छप्पर चढवलेली घरं म्हापशापासून काणकोणापर्यंत दिसतात, तो खर्च दोनदा कशाला? वळचण भिंतीच्या बाहेर निदान अडीच फूट काढा, पश्चिमेला आणखी, कारण पावसाळी वारा तिकडूनच झोडपतो. उन्हाबद्दल एक गोष्ट पुस्तकी नकाशांत सहसा सापडत नाही. गोवा साडेपंधरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्याच्या सुमारापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. उत्तरेची खिडकी कायम थंड, असं मानून तिथे मोठी काच लावलीत तर मेमध्ये पडदा शोधाल. तिलाही वर छज्जा हवाच.

झाडांसाठी आधी वन खात्याकडे. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली स्वतःच्या परसातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. माडाला त्या कायद्यातून २०१६ मध्ये वगळलं होतं, बरीच ओरड झाली आणि २०१७ मध्ये तो परत आत आला. म्हणून ‘माडाला काही लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर ते जुनं झालं. न तोडता भागत असेल तर उत्तम, फक्त माडाच्या झावळीखाली कौलं येऊ देऊ नका. एक नारळ पडला की चार कौलं गेली. आंब्या-फणसाच्या मुळांपासून पाया दूर ठेवा.

खोलीत संडास हवा का, हे घरात बसून भांडून ठरवा. नसेल तर खर्च बराच उतरतो. असेल तर सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्याची जागा विहिरीपासून मोजा. शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर दूर हवा, शेजाऱ्याच्या विहिरीपासूनसुद्धा. छोट्या परसात या एका मापानंच खोलीची जागा ठरून जाते. वीजभार वाढणार असेल तर वीज खात्याला अर्ज, अर्थिंग वेगळं. जोत्याच्या वेळीच वाळवीचं औषध मारून घ्या, मागाहून मारलेलं फारसं पोचत नाही.

चिरे पावसात मिळत नाहीत, खाणीत पाणी भरतं. मागणी मात्र सप्टेंबरातच नोंदवा, दसऱ्यानंतर सगळा गाव एकदम मागतो. ताजा चिरा मऊ असतो, हवा लागून घट्ट होतो, म्हणून थोडे दिवस रचून ठेवावा. पांढऱ्या शेडी मातीचे डाग जास्त असलेला परत पाठवा, पावसात तिथेच भोकं पडतात. लाकूड जुन्या घराचं मिळालं तर घ्या, वासे वाळवीनं पोकळ केलेले नाहीत ना हे हातोडीनं ठोकून बघून.

मेस्तशी लेखी ठरवा : मजुरी कशावर, सामान कुणाचं, पैसे कोणत्या टप्प्याला. कामगार बरेचसे बाहेरून आलेले असतात. दिवाळीला आणि त्यांच्या गावच्या निवडणुकीला ते जाणार, तेवढे आठवडे आधीच वजा करा. शेवटचा हप्ता थोडा राखून ठेवा आणि तो पुढच्या जूनमधला पहिला मोठा पाऊस झाल्यावर द्या. हे पहिल्याच दिवशी बोलून ठेवलं की कुणाला राग येत नाही. कौलं मागवताना पन्नासेक जास्त मागवा, त्याच कारखान्याची. दुसऱ्या छापाच्या खाचा यात बसत नाहीत.