गाडीतला गेटवे शिकायचा तर आधी अर्थिंग शिका

आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली बरीच पोरं विचारतात की भाऊ, गाड्यांमध्ये ते गेटवे, जीपीएस वगैरे बसवायचं काम कसं आहे, शिकायला काय लागतं, प्रोग्रामिंग यावं लागतं का. मी जळगावला राहून हेच काम करतो. सावदा-रावेरच्या केळीच्या रीफर म्हणजे आतून गार ठेवलेल्या गाड्या, धुळ्याकडचे दुधाचे टँकर, काही स्कूल बस, आणि मधूनमधून नंदुरबारकडच्या पिकअप गाड्या. सुरुवातीला मला जे कोणी सांगितलं नाही आणि ज्याच्यामुळे रात्री-रात्री गाडीखाली झोपून काढल्या ते लिहितो, तुमचे तेवढे दिवस वाचले तरी खूप झालं.

गेटवे म्हणजे काय ते आधी थोडक्यात. एक डबा असतो, हाताच्या पंजाएवढा. एका बाजूनं त्याला गाडी जोडलेली असते, म्हणजे इंजिनची माहिती देणाऱ्या कॅनच्या दोन वायरी, टेम्परेचर सेन्सर, दाराचा स्विच, इग्निशन, जीपीएसचा अँटेना. दुसऱ्या बाजूनं सिम असतं. गाडीकडून आलेलं सगळं गोळा करायचं, वेळ आणि ठिकाण लावायचं आणि मोबाईल नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवायचं, एवढंच त्याचं काम. शेठ मोबाईलवर जो नकाशा आणि आलेख बघतो तो शेवटचा भाग, आपलं काम त्याच्या खूप आधी सुरू होतं.

नवीन पोरगा गाडीजवळ आला की पहिली गोष्ट काय करतो, लॅपटॉप उघडतो. मीही तेच करायचो. सावद्याला एक रीफर गाडी होती, केळी भरून दिल्लीला जाणार होती, आणि डबा दर दोन-तीन मिनिटांनी स्वतःच बंद होऊन चालू व्हायचा. पॉवरचा दिवा लागायचा, नेटवर्कचा भराभर लुकलुकायचा, मग सावकाश लुकलुकायला लागायचा, आता जुळलं असं वाटतंय तोच सगळं अंधार. मी सिम बदललं, एपीएन म्हणजे सिमची इंटरनेटची सेटिंग परत टाकली, फर्मवेअर म्हणजे डब्यातला प्रोग्राम परत चढवला, शेवटी नवा कोरा डबा लावला, तरी तेच. व्होल्टेज मोजायचा मीटर लावला तर २४.८ व्होल्ट. मग पॉवर तर बरोबरच आहे ना, असं मी तीनदा मोठ्यानं म्हटलं असेल. रात्रीचे नऊ वाजून गेलेले, माल भरून झालेला, ड्रायव्हर काही बोलत नव्हता पण दर पाच मिनिटांनी येऊन बघून जायचा.

शेजारच्या गॅरेजात एक म्हातारे वायरमन होते, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. ते एक बल्ब होल्डर घेऊन आले, त्याला दोन वायरी जोडलेल्या, इंडिकेटरचा २१ वॅटचा २४ व्होल्टवाला बल्ब. डबा काढला आणि त्याच दोन वायरींवर बल्ब लावला. बल्ब लागला पण कसा, नुसता लालसर, वात विझायला आल्यावर दिसते तसा. आप्पा म्हणाले, "व्होल्टेज पाह्यलं भो तू, करंट कुठं पाह्यला?" मग त्यांनी डॅशबोर्डखाली हात घालून अर्थिंगचा बोल्ट शोधला, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जिथं जोडतात तो. वायरीच्या टोकाचा लग सरळ रंगावर कसलेला होता, खाली पत्रा लागतच नव्हता, बोल्टच्या दोन-चार आट्यांवर सगळं चाललेलं. कानशीनं रंग खरवडला, पत्रा चकाकेपर्यंत, लग परत कसला आणि बल्ब असा लागला की डोळे दिपले. डबा लावला, तो दिल्लीपर्यंत एकदाही बंद पडला नाही.

यातलं कारण नीट समजून घ्या कारण तुमच्या निम्म्या तक्रारी इथंच सुटतात. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे एका तारेच्या केसानं जोडलेली वायर असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. गेटवेमधला मोडेम, म्हणजे मोबाईल नेटवर्कशी बोलणारा भाग, मात्र डेटा पाठवताना झटका देऊन करंट ओढतो, त्या क्षणी खराब जोडावर व्होल्टेज पडतं आणि डबा रिसेट होतो. म्हणून तो नेमका नेटवर्क जुळायच्या वेळीच मरतो आणि आपण सिमला दोष देतो. तेव्हापासून माझ्या पिशवीत दोन बल्ब कायम असतात, एक १२ चा आणि एक २४ चा. दुसरी पद्धत म्हणजे डबा चालू असताना मीटरचं एक टोक डब्याच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचं, तिथं ०.२ व्होल्टच्या वर दिसलं की मी तो अर्थ सोडून देतो आणि नवीन वायर ओढतो.

पॉवरचं अजून थोडं. ट्रकला १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात म्हणून २४ होतात. काही जण दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ व्होल्ट काढतात, हे कधीच करू नका, एक बॅटरी जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि सहा महिन्यांत शेठच्या दोन्ही बॅटऱ्या जातात. चांगले डबे ९ ते ३६ व्होल्ट घेतात, सरळ २४ वरच लावा, फ्यूज बॅटरीच्या जवळ टाका, डब्याच्या जवळ नाही, कारण मधली वायर कुठं घासली तर जळायची ती वायरच. इग्निशनची वायर निवडताना एक हमखास चूक होते ती अशी की टेपरेकॉर्डरची वायर घेतली जाते. सेल्फ मारताना ती वायर बंद पडते, मग रिपोर्टमध्ये गाडी बंद-चालू, बंद-चालू दिसते. मीटर लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा, सेल्फच्या वेळी थोडा पडला तर चालतं, शून्य झाला तर ती वायर आपली नाही. आणि वायरच्या रंगावर भरवसा ठेवू नका, गाडी जुनी असली की आत पाच जणांनी पाच रंग घातलेले असतात.

सीझन संपला की रावेर-यावलकडं काही गाड्या महिना-महिना उभ्या राहतात. डबा झोपी जाण्याची सेटिंग चालू नसेल तर हिशोब करून बघा, १०० मिलीअँपियर म्हटलं तरी दिवसाला २.४ अँपियर-अवर, पंधरा दिवसांत ३६. आधीच थकलेली बॅटरी असेल तर गाडी धक्क्यावर. शेठ म्हणणार तुमच्या डब्यानं बॅटरी खाल्ली, आणि तो खरं बोलत असतो. स्लीप मोड बसवल्या दिवशीच तपासा, इग्निशन बंद करून किती वेळात करंट खाली येतो ते मीटरवर स्वतः बघा.

अँटेनाबद्दल फार लिहीत नाही. जीपीएसवाल्याला आभाळ दिसलं पाहिजे, प्लास्टिक आणि साधी काच चालते, पत्रा चालत नाही, मार्केटच्या शेडखाली उभं राहून गाडीचं ठिकाण सापडेना म्हणून डबा बदलू नका, गाडी बाहेर काढा आणि थोडा वेळ द्या.

आता नेटवर्क. आपल्याकडं डोंगर आहेत, सातपुड्यात धडगाव-तोरणमाळ बाजूला गेलात किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढलात की नेटवर्क जातं-येतं, त्याला कोणी काही करू शकत नाही. चांगल्या डब्याचा कस तिथंच लागतो कारण नेटवर्क नसताना त्यानं डेटा आत साठवला पाहिजे आणि नेटवर्क आल्यावर सगळा पाठवला पाहिजे. प्रवासी गाड्यांमधल्या ट्रॅकिंगच्या डब्यांसाठी जे एआयएस-१४० चं मानक आहे, ज्याचा नियम नवीन गाड्यांना १ जानेवारी २०१९ पासून लागला, त्यात कमीत कमी ४०,००० नोंदी साठवायची क्षमता मागितलीये. दहा सेकंदाला एक नोंद धरली तर तासाला ३६०, दिवसाला ८,६४०, म्हणजे साडेचार दिवसांचा साठा झाला. घाटाला एवढा भरपूर झाला. पण कागदावर आहे म्हणून मानू नका. मी प्रत्येक नवीन मॉडेलवर एकदा तरी हे करतो की डबा बंद करून सिम काढायचं, परत चालू करून २० मिनिटं गाडी फिरवायची, मग सिम घालायचं आणि त्या २० मिनिटांचा रस्ता नकाशावर पूर्ण येतो का बघायचं. जिथं सरळ रेघ मारलेली दिसते तिथं डेटा हरवलाय, रस्ता असा शेतातून सरळ जात नसतो.

सिमचं म्हणाल तर यात मशीनसाठीचं सिम येतं, त्याचा नंबर १३ आकडी असतो, तुमच्या मोबाईलचा १० आकडी असतो तसा नाही. नंबर लिहिताना तीन आकडे गाळले म्हणून एका पोराचा अख्खा दिवस गेलेला मी पाहिलाय. आणि डब्यात फक्त टूजीचा मोडेम असेल तर जिओचं सिम चालणारच नाही कारण त्यांचं टूजी नेटवर्कच नाही, अशा वेळी सेटिंग बदलत बसू नका. सिग्नल बघायची जी कमांड असते ती ० ते ३१ आकडा देते, १० च्या खाली असेल तर अँटेनाची जागा बदला, ९९ आला तर त्याचा अर्थ फुल्ल सिग्नल असा नाही, मोडेमला काही कळतच नाहीये असा आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्यात मनापासून सांगायचीये, ती वेळेची. जीपीएसकडून येणारी वेळ भारताची नसते, ती युटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपण त्यात साडेपाच तास मिळवायचे. एका रीफरच्या रिपोर्टमध्ये आलं की रात्री दीड वाजता मागचं दार उघडलं. शेठला वाटलं रस्त्यात माल काढला, ड्रायव्हरचे पैसे अडवले. ड्रायव्हर शिरपूरकडचा, वयानं माझ्या वडिलांएवढा, माझ्याकडं येऊन म्हणाला, "भाऊ, मी रातले दारले हात लाया नही." त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मी कच्चा डेटा काढून बघितला तेव्हा कळलं की त्या गाडीपुरती सेटिंग राहून गेलेली. दीड अधिक साडेपाच, सकाळचे सात, गाडी दिल्लीच्या आझादपूर मंडीत उभी आणि माल उतरत होता. सेटिंग मीच करायची राहिली होती. शेठला जाऊन तसं सांगितलं, पैसे मिळाले, पण आठ दिवस त्या माणसाला चोर समजलं गेलं ते काही भरून येत नाही. आपण आकडे पाठवतो आणि त्या आकड्यांवर कोणाचा तरी पगार अडतो, म्हणून बसवून झाल्यावर आपल्या हातातल्या घड्याळाशी स्क्रीनवरची वेळ जुळवल्याशिवाय मी आता गाडी सोडत नाही.

केळीच्या गाडीत टेम्परेचरचं काम जास्त जबाबदारीचं. केळी १३-१४ अंशांवर नेतात, त्याच्या खाली गेलं की साल काळवंडते आणि नंतर नीट पिकत नाही, मग ते केळं रावेरचं असो नाहीतर कुठलंही. सेन्सर दाराजवळ लावला तर दार उघडलं की बाहेरचा ऊन वारा मोजतो, थेट गार हवेच्या झोतात लावला तर माल गरम असूनही सगळं छान दाखवतो. मी एक झोताजवळ आणि एक परतीच्या हवेत लावतो, दोन्हीतला फरक बघून मशीन कसं चाललंय ते कळतं. साधे डिजिटल सेन्सर असतात ना तीन वायरींचे, ते कधी बरोब्बर ८५ अंश दाखवतात. घाबरू नका, आत आग नाही लागलेली. डीएस१८बी२० सेन्सर चालू झाल्या-झाल्या मोजणी न करताच तो आकडा देतो, म्हणजे त्याची पॉवर मधेच जातेय, परत जोड बघा. आणि शून्याच्या खाली १२७ असं काही दिसलं तर बहुतेक वायरच तुटलेली असते.

कॅनच्या वायरींना हात लावायच्या आधी दहादा विचार करा. गाडी पूर्ण बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लोमध्ये ओहम मोजा, ६० च्या आसपास आले पाहिजेत कारण दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय, ४० आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर घातलाय, बहुतेक वेळा आपल्याच डब्यातला. गेटवे फक्त ऐकणाऱ्या मोडवर ठेवा. कॅनच्या डेटाचा चुकीचा स्पीड टाकून साध्या मोडवर जोडला तर तो लाईनवर गोंधळ घालतो आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटतात, तेव्हा ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडं बघवत नाही.

आमच्याकडच्या उन्हाचाही विचार करा. भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५ असतं, उभ्या गाडीच्या काचेमागं डॅशबोर्डवर हात ठेवता येत नाही. आतली लिथियम बॅटरी ४५ च्या वर चार्ज करायची नसते, फुगते. डबा डॅशबोर्डवर उघडा कधीच नको, आत खाली, सीटच्या मागं, जिथं सावली आणि थोडी हवा आहे तिथं.

ड्रायव्हर लोक फ्यूज काढतात ही शेठ लोकांची नेहमीची तक्रार. मी बसवताना ड्रायव्हरला जवळ बसवतो, कुठला दिवा कशाचा ते दाखवतो, आणि हेही सांगतो की उद्या कोणी म्हणालं गाडी दोन तास धाब्यावर उभी होती तर तू टोलच्या रांगेत होतास हे याच डब्यात लिहिलेलं असेल. असं सांगितलेल्या गाड्यांचे फ्यूज सहसा निघत नाहीत, उलट दिवा बंद दिसला की तेच फोन करतात, "भाऊ, गाडी चालू शे पण डबा बंद शे."

एक वही ठेवा, कागदाची. गाडी नंबर, आयएमईआय म्हणजे डब्याचा स्वतःचा नंबर, १३ आकडी सिम नंबर, पॉवर कुठून घेतली, अर्थ कुठल्या बोल्टवर मारला, फ्यूज कुठं लपलाय. मोबाईलमध्ये फोटो काढाच, पण मोबाईल बदलतात, वही राहते. गाडी सोडताना तीनदा सेल्फ मारायला सांगा आणि तिन्ही वेळा डबा जिवंत राहतो का बघा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी बऱ्हाणपूर-इंदूरच्या पुढं कुठं असेल तेव्हा, स्क्रीनवर ती कुठं दिसतेय ते बघा आणि ड्रायव्हरला फोन करून विचारा की भाऊ, आत्ता कुठं आहात.