कोशिंब लावायचा असेल तर खड्डे मे महिन्यातच घ्या

आपल्याकडे पानांचा रंग पाहायचा तो फाल्गुन-चैत्रात, आणि त्यात कोशिंबाची बरोबरी फार थोडी झाडे करतात. जुनी पाने गळली की फांद्यांच्या टोकाला लालभडक पालवी फुटते. कोवळी पाने मलूल लोंबतात, मग तांबूस होतात आणि शेवटी हिरवी होऊन ताठरतात. बरेच जण ही लाली रोग समजून फवारणी करतात. करू नका. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी असते, लाल रंगद्रव्य उन्हापासून त्याचा बचाव करते. शिवाय त्याच सुमारास बारीक पिवळट-हिरवा मोहोर येतो. फवारलेत तर त्यावरच्या मधमाश्या मरतील.

जागा आधी ठरवा. ठाण्याजवळच्या येऊरच्या पायथ्याची, मुरबाड-शहापूरकडची वरकस (उताराची हलकी), मुरमाड, निचऱ्याची जमीन उत्तम. भातखाचराच्या बांधावर नको, मोठ्या झाडाची सावली भाताला मानवत नाही. नवी मुंबईत खाडीवर भराव टाकलेल्या खारवट जमिनीत कोशिंबाचा हट्ट सोडा आणि करंज लावा. झाड 50-60 फूट सहज जाते, म्हणून दोन झाडांत 30 फूट आणि इमारतीपासून किमान 20 फूट अंतर ठेवा.

खड्डा 2 × 2 × 2 फूट घ्या आणि दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, 10-15 किलो चांगले कुजलेले शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. शेणखत कच्चे असेल तर हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि वाळवी ठरलेली.

रोप दीड-दोन फुटी घ्या. संयुक्त पानात पर्णिकांच्या (एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या) दोन ते चार जोड्या असतात, टोकाची जोडी सर्वात मोठी. रोपवाटिकेत एवढे पाहिले तरी फसगत होत नाही. पिशवीच्या तळाशी मुळांचे वेटोळे झाले असेल तर ते कापा. तसेच लावलेले रोप दोन वर्षे बरे दिसते, मग खुंटते. लावणी मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर करा. बुंध्याशी मातीची उंची पिशवीतल्याएवढीच ठेवा, आळ्यात पाणी तुंबू देऊ नका.

रोपे घरी करायची तर जूनच्या सुमारास पडलेली पिकलेली फळे गोळा करा. साल व आंबट गर काढा, नाहीतर बुरशी आणि मुंग्या लागतात. बी 24 तास भिजवून बोटाच्या पेराएवढे खोल पेरा. उगवण मागेपुढे होते, पिशव्या घाईने टाकून देऊ नका. काही झाडांवर फक्त नरफुले येतात, त्यामुळे वटवाघळे, खारी, माकडांसाठी फळे हवी असतील तर एकाऐवजी तीन-चार झाडे लावा.

खरी परीक्षा दिवाळीनंतर. पहिली तीन वर्षे नोव्हेंबर ते मे दर आठवड्याला 15-20 लिटर पाणी द्या आणि बुंध्यापासून चार बोटे सोडून पालापाचोळ्याचे आच्छादन करा. डोंगराकडेला भोवतालचे गवत ऑक्टोबरमध्येच कापा, वणव्यात लहान रोप टिकत नाही. गुरे पाला आवडीने खातात, म्हणून काटेरी कुंपण हवेच. सोसायटीच्या आवारात बुंध्याभोवती किमान तीन फूट सिमेंट येऊ देऊ नका, आणि झाड मोठे झाल्यावर फांदी तोडण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या.