नावावर वॉरंट आहे? या चुका टाळा

‘पाच वर्षं झाली, घरी कुणी आलं नाही, म्हणजे ते वॉरंट आता संपलं असेल.’ कोर्टाच्या आवारात हे वाक्य नेहमी ऐकू येतं आणि ते पूर्ण चुकीचं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७२ (१ जुलै २०२४ पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ७०) सांगतं की अटक वॉरंट बजावलं जाईपर्यंत, किंवा ते काढणारं कोर्ट रद्द करेपर्यंत, लागू राहतं. त्याला मुदत नसते. कलम ७९ प्रमाणे ते देशात कुठेही बजावता येतं, त्यामुळे जिल्हा किंवा राज्य बदलूनही सुटका नाही. पासपोर्टचा अर्ज केला की पडताळणीत नेमकं हेच वर येतं, कारण हजर राहण्यासाठी वॉरंट निघालेल्या माणसाला पासपोर्ट नाकारण्याची तरतूद १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात आहे.

माणूस तारखेला आला नाही म्हणून कोर्ट वॉरंट काढतं. तो आला की वॉरंटचं काम संपतं. म्हणून तो स्वतःहून आला की पोलिसांनी धरून आणला, यावर पुढचं बरंच काही ठरतं. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका हा फरक न कळल्यामुळे होतात.

शोध अर्धवट घेणे

कोर्टातल्या केसेसची माहिती देणाऱ्या सरकारी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर एकदा नाव टाकायचं, काही दिसलं नाही की निर्धास्त व्हायचं, असं बरेच जण करतात. पण नाव तिथे इंग्रजी लिपीत कुणीतरी टाईप केलेलं असतं. आडनाव आधी, वडिलांचं नाव गाळलेलं, स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी, काहीही असू शकतं. दोन-तीन प्रकारे शोधा आणि वर्षही बदलून पाहा. आपण आता राहतो त्या जिल्ह्याऐवजी व्यवहार जिथे झाला, चेक जिथे वटवायला टाकला किंवा गुन्हा जिथे नोंदला गेला, तो जिल्हा निवडा. १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) हाताशी असेल तर नावाचा घोळच उरत नाही. गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाणं माहीत असेल तर त्यावरूनही शोधता येतं.

केस सापडली की पुढची तारीख पाहून थांबू नका. ती तारीख कशासाठी लागली आहे, ते वाचा. तिथे ‘एनबीडब्ल्यू’ असं काही दिसलं तर अजामीनपात्र वॉरंट (ज्यावर पोलीस स्वतः जामीन देऊन सोडू शकत नाहीत) निघालेलं आहे किंवा निघण्याच्या वाटेवर आहे. तरीही खात्री रोजनाम्यावरूनच, म्हणजे कोर्टाने तारखेतारखेला लिहिलेल्या नोंदीवरूनच, होते, कारण संकेतस्थळावरची नोंद मागे पडलेली असू शकते. वकिलाकडून फाइलची पाहणी करून घ्या किंवा नकलेसाठी अर्ज करा. ग्राहक आयोगाच्या केसेस इथे सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी ई-जागृती हे ग्राहक आयोगांचं संकेतस्थळ पाहावं लागतं, आणि आदेश न पाळणाऱ्यावर ग्राहक आयोगही वॉरंट काढू शकतो.

‘मी तर नुसता साक्षीदार’

वॉरंट फक्त आरोपीवर निघतं असं नाही. समन्स मिळूनही साक्षीला न आलेल्या माणसावरही ते निघतं. तसंच ‘पैसे दिले, मिटलं’ म्हणणारे लोक. चेक न वटल्याच्या केसमध्ये फिर्यादीला बाहेर रक्कम देऊन टाकतात, हातात साधी पावती घेतात आणि तारखेला जाणं बंद करतात. कोर्टाच्या लेखी ती केस चालूच असते. तडजोड कोर्टासमोर नोंदवून केस निकाली काढली नाही, तर पैसे पूर्ण चुकते केलेल्या माणसावरही वॉरंट निघतं. अशा लोकांचं फार वाईट वाटतं, कारण त्यांनी चूक सुधारलेली असते आणि फक्त ती कोर्टाला सांगायची राहिलेली असते.

वकील हजर होता म्हणून आपण गेलो नाही तरी चालतं, हाही असाच गैरसमज. आरोपी येणार नसेल तर त्या तारखेपुरता गैरहजेरी माफीचा अर्ज द्यावा लागतो आणि तो कोर्टाने मंजूर करावा लागतो.

हवालदाराला परत पाठवणे

ही सगळ्यात घातक चूक. वॉरंट घेऊन आलेल्या पोलिसाला ‘घरी नाहीत म्हणून लिहा’ असं सांगून, हात ओले करून परत लावलं की तात्पुरतं बरं वाटतं. लाच देणं हा गुन्हा आहेच, पण कोर्टात काय घडतं तेही बघा. वॉरंट ‘मिळून आला नाही’ अशा शेऱ्यासह परत येतं. असे शेरे साचले की माणूस फरार आहे किंवा लपतो आहे, असं मानायला कोर्टाला आधार मिळतो आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ चा, ‘कोर्टात हजर व्हा’ असं फर्मावणारा जाहीरनामा निघतो. तो गावात वाचला जातो, घरावर चिकटवला जातो आणि हजर व्हायला किमान ३० दिवस दिले जातात. त्यानंतर मालमत्तेची जप्ती येऊ शकते. जाहीरनाम्यानंतरही हजर न होणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली वेगळा गुन्हा आहे. म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला तो शेराच आपल्याविरुद्ध वापरला जातो.

जामीनपात्र वॉरंट असेल तर घाबरायचं कारण फार कमी. त्यावर रक्कम, जामीनदारांची संख्या आणि हजर राहायची तारीख लिहिलेली असते. पोलिसाकडेच बंधपत्र (हजर राहण्याची लेखी हमी) लिहून दिलं की तो सोडतो. मात्र पोलीस ठाण्यात सही झाली म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही. त्या तारखेला कोर्टात गेला नाहीत तर पुढचं वॉरंट बहुधा अजामीनपात्र असतं आणि बंधपत्राची रक्कमही जप्त होऊ शकते.

रद्द करायला जाताना

अर्ज करायचा तो वॉरंट काढणाऱ्या कोर्टातच. तिथे न जाता थेट अटकपूर्व जामिनासाठी धावपळ करण्यात अनेकांचे पैसे आणि दिवस वाया जातात. आरोपी स्वतः हजर असेल तर अर्जाला वजन येतं. सकाळी कोर्ट सुरू होण्याआधी पोहोचा. जामीनदाराची कागदपत्रं तपासून बंधपत्र पूर्ण व्हायला दुपार उलटते, आणि ते अपुरं राहिलं तर रात्र कोठडीत जाऊ शकते. म्हणून जामीनदार सोबतच न्या. त्याचं ओळखपत्र, रेशन कार्ड, फोटो, सात-बारा किंवा घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक घ्या. जामीनदार लगेच उभा राहत नसेल तर रोख हमीची परवानगी मागता येते, तेवढे पैसे जवळ असू द्या. दंड किंवा खर्च भरायला सांगितलं तर तोही त्याच दिवशी भरा.

अर्जात कारण खरं लिहा. विकतचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडू नका. फिर्यादीच्या वकिलाने त्यावर बोट ठेवलं की पुढे तुमच्या खऱ्या आजारपणावरही विश्वास बसत नाही. त्यापेक्षा रोजनाम्यात एक गोष्ट नक्की शोधा : समन्स तुम्हाला खरोखर बजावलं गेलं होतं का? इंदर मोहन गोस्वामी विरुद्ध उत्तरांचल राज्य या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधी समन्स, मग जामीनपात्र आणि त्यानंतरच अजामीनपात्र वॉरंट, हा क्रम सांगितला आहे. समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलं असेल तर तोच तुमच्या अर्जाचा सगळ्यात भक्कम मुद्दा, त्यासोबत नव्या पत्त्याचा पुरावा लावा.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले आणि ठरावीक उत्पन्नाखालचे लोक यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

फोनवरच्या ‘वॉरंट’ला पैसे देणे

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, शिक्का असलेला कागद आणि ‘आत्ता रक्कम भरा, वॉरंट थांबवतो’ अशी धमकी. डिजिटल अटक नावाचा प्रकार कायद्यात नाही आणि खरं वॉरंट फोनवर पैसे घेऊन रद्द होत नाही. फोन ठेवा, केस क्रमांक ई-कोर्ट्सवर तपासा आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

आदेश झाला म्हणून घरी जाणे

कोर्टाने वॉरंट रद्द केलं तरी त्याची प्रत पोलीस ठाण्यात तशीच पडलेली असू शकते. वॉरंट परत मागवल्याचं पत्र कोर्टातून कधी निघेल, याची वाट पाहत बसू नका. आदेशाची प्रमाणित प्रत काढा, ठाण्यात देऊन पोच घ्या, एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढची तारीख वकिलाकडून लिहून घ्या आणि पत्ता किंवा फोन बदलला की त्याला त्याच आठवड्यात कळवा.