गेन कमी ठेवा, ट्रॅक वाढवा: हेवी गिटारचं घरगुती रेकॉर्डिंग

गेन (सिग्नल किती जोरात ढकलायचा ते ठरवणारा नॉब) फुल्ल केला की गिटार हेवी होते असं रूममध्ये एकटं वाजवताना वाटतंच, पण तोच आवाज रेकॉर्ड करून त्यावर दुसरा तिसरा ट्रॅक चढवला की नुसती भणभण ऐकू येते, रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) कुठं सुरू झाला आणि कुठं संपला काही कळत नाही. कारण साधं आहे. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नलचे शेंडे छाटणं, जितका गेन जास्त तितकं छाटणं जास्त, मग जोरात मारलेला पिक आणि हळू मारलेला पिक जवळपास सारखाच वाजतो, पिकचा ठोका दबतो आणि वरून हिस्स वाढतो. असे चार ट्रॅक एकत्र करणं म्हणजे चार जणांनी एकाच शेवभाजीत आपापला पूर्ण काळा मसाला ओतणं, मग खा बरं भो!

एसी/डीसी या रॉक बँडच्या माल्कम यंगची रिदम ऐका, गेन लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी आहे, जाड तारा आणि दणकून मारणारा उजवा हात, बस.

तर सेटिंग असं करा. अॅम्प सिममध्ये (अॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) नेहमीचा आवाज लावा आणि कॉर्ड धरून गेन हळूहळू खाली आणत जा, कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ओळखता आली की थांबा. बहुतेकांचा नॉब नेहमीच्या निम्म्यावर येतो. एकटा ट्रॅक ऐकाल तर जरा बारीक, कोरडा वाटेल, वाटू द्या. पाम म्यूटला (तळहाताच्या कडेनं तारा दाबून वाजवणं) धार हवी असेल तर अॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर टाइपचा ओव्हरड्राइव्ह (हलकं डिस्टॉर्शन देणारं पेडल) लावा, ड्राइव्ह जवळपास शून्य आणि लेव्हल वर, त्यानं खालचा फुगवटा कापला जातो आणि मिड्स (मधल्या फ्रीक्वेन्सी) पुढं येतात. इंटरफेसला (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) गिटार इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झी इनपुटमध्येच लावायची, जोरात वाजवल्यावर पीक उणे १० डीबीच्या आसपास आला तर मस्त. आणि कोरडा डीआय सिग्नल (अॅम्पच्या आधीचा, इफेक्ट नसलेला) नक्की सेव्ह करा, टोन नंतर बदलता येतो, वाजवणं बदलता येत नाही.

आता लेयर. पहिला टेक (एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे, आणि दुसरा परत वाजवायचा, कॉपी-पेस्ट नाही. कॉपी केलेला ट्रॅक दोन्ही बाजूला टाकला तर दोन्हीकडे एकच सिग्नल, म्हणजे आवाज मधोमधच राहतो, फक्त मोठा होतो. काही जण कॉपी थोडी मागं सरकवतात, हेडफोनमध्ये मजा येते पण मोनो स्पीकरवर गेलं की काही फ्रीक्वेन्सी एकमेकींना कापतात आणि आवाज पोकळ होतो. जाडी येते ती दोन टेकमधल्या बारीक फरकामुळं, हात दोनदा अगदी सेम चालत नाही ना.

हे दोन घट्ट बसले की मगच तिसरा-चौथा. ते डाव्या-उजव्या बाजूला ७०-८० टक्क्यांवर पॅन करा, मुख्य जोडीपेक्षा ४ ते ६ डीबी खाली ठेवा, आणि गेन आणखी कमी, जवळजवळ क्रंचवर (हलकासा फाटलेला आवाज). इथं गिटार बदलली तर सोन्याहून पिवळं, मित्राची मागून आणा, नाहीतर निदान पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक) बदला, किंवा तोच कॉर्ड मानेवर वरच्या पोझिशनला धरा.

खरी मेहनत स्टॉपमध्ये आहे. रिफ जिथं तुटतो तिथं चारही ट्रॅक एकदम गप्प झाले पाहिजेत, एखादी तार जरी रेंगाळली तरी सगळा दणका सैल पडतो. म्हणून आख्खं गाणं एका दमात नका वाजवू, चार-चार बारचे (तालाच्या आवर्तनांचे) तुकडे घ्या, स्टॉपला दोन्ही हातांनी तारा दाबा, आणि उरलेली शेपूट एडिटमध्ये कापून छोटा फेड द्या.

ट्यूनिंग प्रत्येक टेकच्या आधी बघायचं, यात आळस नको. जोरात मारलेली जाड तार सुरुवातीला थोडी चढी वाजते, त्यामुळं ट्यून करतानाही वाजवणार तेवढ्याच जोरात मारा. ड्रॉप डीला (सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवलेलं ट्यूनिंग) १०-४६ चा सेट (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) ढिला पडतो, १०-५२ घ्या. आपल्याकडं जळगाव-भुसावळचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या आसपास, आणि कूलरची गार ओली हवा थेट गिटारवर आली की ट्यूनिंग हलतं आणि तारांना गंज चढतो तो वेगळाच. कूलरचं तोंड फिरवा, टेकपुरता बंदच करा, मोटरची गुणगुण सिंगल कॉइल पिकअप लगेच पकडतो. ५० हर्ट्झचा हम येत असेल तर बसायची दिशा बदलून बघा, चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. लाइट गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर टेक घेऊ नका, त्याची करकर प्रत्येक लेयरमध्ये जमा होते.

मिक्समध्ये चारही गिटार एका बसवर (सगळे ट्रॅक एकत्र येणारा चॅनल) घ्या. ८०-१०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, ती जागा बासची आहे, आणि बासला थोडा डिस्टॉर्शन द्या, लोक ज्याला हेवी गिटार म्हणतात त्यातला बराच भाग तोच असतो. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये लेयर साचतात, बसवरच २-३ डीबी कमी करा. वर ८-१० किलोहर्ट्झच्या पुढची किरकिर कापा.

व्हर्सला (कडव्याला) दोनच ट्रॅक ठेवा आणि कोरसला (धृपदाला) चारही उघडा, व्हॉल्यूमला हात न लावता कोरस उचलला जाईल. फास्ट थ्रॅश रिफ असेल तर कोरसलाही दोनच पुरतात, चार ट्रॅक त्या स्पीडला घट्ट बसत नाहीत.